हात चुकतो त्यांचा स्वयंपाक

भाकरी थापताना कडेला चिरते आणि तव्यावर टाकताना दुमडते. चहा कपात कमी आणि बशीत जास्त जातो. फोडणीत मोहरी तडतडायला लागली की हळदीचा डबा सापडत नाही, आणि तो शोधताना कोपर लागून पातेलं कलंडतं. मनापासून लक्ष देऊनही हे रोज, वर्षानुवर्षं होत असेल, आणि लहानपणी बटणं लावताना, नाडी बांधताना, सायकल शिकताना, वहीत ओळीवर लिहिताना हीच अडचण आली असेल, तर त्यामागे डिस्प्रॅक्सिया असू शकतो. आपल्याकडे अशा मुलीला धांदरट म्हणतात आणि मुलाला कामचुकार. दोघांवरही तो अन्याय आहे.

डिस्प्रॅक्सियात हात दुबळे नसतात आणि बुद्धीही कमी नसते. कुठली हालचाल आधी करायची, किती जोर लावायचा, हात किती लांब न्यायचा, ही आखणी मेंदूत इतरांच्या बाबतीत आपोआप होते. इथे ती दर वेळी जाणीवपूर्वक करावी लागते. म्हणून सोपं कामही थकवतं, आणि एका वेळी दोन कामं आली की घोटाळा होतो. डॉक्टर याला विकासात्मक समन्वय विकार म्हणतात. जगभरात शंभरातल्या पाच-सहा मुलांना तो असतो असा अंदाज आहे, आणि बऱ्याच जणांची अडचण मोठेपणीही राहते. हॅरी पॉटरची भूमिका करणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफने २००८ साली आपल्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया असल्याचं उघडपणे सांगितलं होतं. दिवस पूर्ण होण्याआधी किंवा कमी वजनाची जन्मलेली मुलं यात जास्त आढळतात. नंदुरबार जिल्ह्यात बाळांचं कमी वजन आणि कुपोषण ही जुनी दुखणी आहेत, म्हणून इथल्या पालकांनी आणि शिक्षकांनी हा विकार ओळखायला शिकणं गरजेचं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव लिहिलेलं आहे. म्हणजे कायद्यालाही तो ठाऊक आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट नीट वाचा. हा विकार लहानपणापासून असतो. आजवर व्यवस्थित काम करणाऱ्या माणसाच्या हातून अचानक वस्तू पडू लागल्या, एका बाजूचा हात-पाय जड झाला, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर तो डिस्प्रॅक्सिया नाही. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालयात जायचं. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि सिकलसेल आजार असलेल्या लहान मुलालाही पक्षाघात होऊ शकतो. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

आता स्वयंपाकघराकडे वळू. घरोघरी पहिला उपाय म्हणून ‘लक्ष दे’ असं ओरडलं जातं. त्याने काहीही सुधारत नाही. ज्याचं सगळं लक्ष आधीच हात सांभाळण्यात खर्च होतंय, त्याला ओरडलं की तो दचकतो, आणि दचकलेला हात कढईवर आदळतो. दुसरा उपाय म्हणजे त्या माणसाला स्वयंपाकघरातून हाकलणं. तो मला जास्त घातक वाटतो. कारण आश्रमशाळेतून पुढे शिकायला पुण्या-नाशिकला गेलेल्या मुलाला खोलीवर स्वतःचं जेवण करावंच लागतं, आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या आई-बापामागे तळावर भाकरी कधी कधी बारा वर्षांच्या पोरीलाच टाकावी लागते. शिकण्याची वेळ आली की पुढ्यात जाळ असेल आणि शेजारी समजावणारं कोणी नसेल. त्यापेक्षा घरी, आपल्या डोळ्यांसमोर शिकू द्या. फक्त माणसाला बदलण्याचा हट्ट सोडून जागा, भांडी आणि कामाचा क्रम बदला.

सुरुवात चुलीपासून करू, कारण धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवर गॅस आला तरी चूल गेलेली नाही. जमिनीवरच्या चुलीपुढे उकिडवं बसून काम करताना अर्धं लक्ष तोल सांभाळण्यात जातं. डिस्प्रॅक्सियात बऱ्याचदा तोलाचीही अडचण असते, म्हणून उकिडवं बसू नका. रुंद पाटावर, तळपाय जमिनीला पूर्ण टेकवून, शक्य असेल तर पाठ भिंतीला लावून बसा. घरात जागा असेल तर मातीचा ओटा बांधून चूल कमरेच्या उंचीवर घ्या. उभ्याने काम करता येतं, आणि रांगणारं मूल जाळापासून लांब राहतं. तळावर किंवा शेतात तीन दगडांची चूल मांडली असेल तर दगड थोडे मातीत गाडा आणि आधी रिकामं पातेलं ठेवून हलवून बघा. ते डुललं तर दगड पुन्हा बसवा. भरलेलं पातेलं ठेवल्यावर डुलतं हे कळून उपयोग नाही.

लाकडं सारताना एक हात जाळाकडे आणि दुसरा भांड्याकडे असं करू नका. आधी भांडं उतरवा किंवा ढवळणं थांबवा, मगच लाकूड सारा. फुंकणी, चिमटा आणि सांडशी यांची जागा कायम एकच असू द्या, नेहमीच्या हाताच्या बाजूला. पदर आणि ओढणी खोचून गाठ मारा. कृत्रिम धाग्याचं कापड जळताना वितळून कातडीला चिकटतं, म्हणून चुलीपाशी अंगाबरोबर बसणारं सुती कापड बरं. केस बांधलेले असावेत, आणि बाह्या लांब असतील तर कोपरापर्यंत दुमडून घ्या.

भाकरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खान्देशात मुलीचं स्वयंपाकातलं कौतुक किंवा बदनामी भाकरीवरच ठरते. भाकरी थापणं हे डिस्प्रॅक्सिया असलेल्यांसाठी अवघड कामांपैकी एक आहे. दोन्ही हात वेगवेगळं काम करतात: एक फिरवतो, दुसरा थापतो, आणि जोर दर क्षणी बदलावा लागतो. त्यातच तवा तापलेला असतो. म्हणून ही दोन कामं वेगळी करा. आधी सगळ्या भाकरी थापून घ्या, मग तवा तापवा. थापलेल्या भाकरी ओल्या सुती कापडाच्या घड्यांमध्ये किंवा स्वच्छ प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवल्या तर तेवढा वेळ सुकत नाहीत. नवख्याने एका वेळी दोन-तीनच थापाव्यात, त्याही तळहाताएवढ्या. लहान भाकरी उचलायला सोपी जाते आणि मोडली तरी अंगावर येत नाही.

पिठाची उकड काढली की भाकरी कमी चिरते. वाटीभर पिठाला साधारण वाटीभर पाणी उकळा, आच बंद करा, पीठ टाका, लांब दांड्याच्या कालथ्याने ढवळा आणि झाकून ठेवा. हाताला सोसेल इतकं निवल्यावरच मळा. गरम पिठात घाईने हात घालून बोटं भाजल्याची उदाहरणं कमी नाहीत. मक्याची भाकरी ज्वारीपेक्षा जास्त मोडते, तेव्हा शिकण्याची सुरुवात तिच्यापासून करू नका. उडदामुळे कळण्याचं पीठ जरा चिकट असतं, ते आधी हातात घ्या. परातीत हाताने फिरवणं जमत नसेल तर पोळपाटावर प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये पिठाचा गोळा ठेवून सपाट बुडाच्या ताटलीने दाबा. अशी भाकरी भाकरीच असते, तिला कोणी नावं ठेवू नयेत.

तवा जड, बिडाचा किंवा जाड लोखंडी, आणि दोन कानांचा असावा. हलका तवा उलथन्याच्या धक्क्याने सरकतो. भाकरी कागदासकट उचलून, कागदाची बाजू वर ठेवून, तव्याच्या जवळच्या कडेपासून पलीकडच्या कडेकडे आडवी करा आणि कागद तव्याला लागू न देता काढून घ्या. आपल्याकडे वाफ आणि चटका कमी येतो. वरून पाणी हाताने न फिरवता भिजवलेल्या फडक्याच्या बोळ्याने लावा, तो बोळा चिमट्यात धरून. भाकरी फुगली की आतली वाफ दाबून बाहेर काढायची सवय अनेकांना आहे. ती वाफ थेट बोटांवर येते. दाबायचंच असेल तर लांब दांड्याचं उलथनं वापरा. निखाऱ्यावर भाकरी शेकणं सगळ्यात शेवटी शिका. तोवर तव्यावरच दोन्ही बाजूंनी नीट भाजलेली भाकरी पुरेशी आहे.

भाजण्याचे बरेच अपघात गरम द्रव उचलून नेताना होतात. हा धोका मला सुरीपेक्षा मोठा वाटतो. म्हणून गरम भरलेलं भांडं उचलायचंच नाही, असा नियम करून टाका. रिकामं पातेलं चुलीवर ठेवा आणि तांब्याने पाणी ओता. उकळलेलं पाणी, डाळ, रस्सा पातेल्यातून पळीने काढा. भात वेळून पेज काढण्याऐवजी पाणी मोजून टाका आणि आटवा. अंघोळीचं पाणी चुलीवर तापवत असाल तर ते बादलीत ओतू नका, मगाने काढा, आणि बादलीत आधी थंड पाणी घाला. जेवायला पंगत बसली की गरम कालवणाचं पातेलं घेऊन माणसांमधून फिरणं बंद करा. ताटं चुलीपाशी आणून वाढा. शेवभाजीसारख्या तर्रीदार कालवणावर तेल तरंगतं, ते सांडलं तर अंगाला चिकटून राहतं. ती आधी वाट्यांतून वाढून घ्या आणि वाट्या ताटात ठेवा.

फोडणीत वेळ मिळत नाही, म्हणून तिची सगळी तयारी जाळ पेटवण्याआधी व्हावी. मोहरी, जिरं, लसूण, हळद, तिखट, कांदा वेगवेगळ्या वाट्यांत, टाकण्याच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. पळी, झाकण आणि भाजी कोरडी असावी, कारण पाण्याचा थेंब तापलेल्या तेलात उडतो. आच मंद ठेवा. भाजी वरून टाकू नका, वाटी कढईच्या कडेला टेकवून अलगद सरकवा. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवा. पाणी कधीही ओतू नका. पेटतं भांडं उचलून बाहेर धावूही नका.

ज्या घरात गॅस आहे तिथे मागची शेगडी वापरा, दांड्या भिंतीकडे वळवा, आणि एका वेळी एकच आच पेटवा. बटण बंद स्थितीत कुठे असतं तिथे ठळक रंगाचा ठिपका द्या, म्हणजे दुरूनही दिसतं. लायटर आधी शेगडीपाशी धरा, मग बटण फिरवा. काम संपलं की रेग्युलेटरही बंद करा. आपल्याकडे एका खोलीत गॅस आणि जमिनीवर पेटती चूल अशी मांडणी सर्रास दिसते. ती खरंच धोक्याची आहे, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की जमिनीलगत पसरतो, नेमका चुलीच्या पातळीवर. दोन्हींच्या जागा वेगळ्या करा. गॅसचा वास आला तर विजेचं बटण चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा.

चिरण्याबद्दल थोडक्यात. पाटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे तो सरकत नाही. बटाटा, कांदा आधी अर्धा करा आणि सपाट बाजू खाली ठेवा. सुरी धारदार असू द्या, बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती निसटते. पालेभाजी कात्रीने कापा, आणि दोरी ओढून भाजी बारीक करणारं छोटं यंत्र आठवडे बाजारात मिळतं, ते घ्या. विळीबद्दल मतं वेगळी आहेत. काहींना ती सोपी जाते, कारण पातं स्थिर असतं आणि दोन्ही हात भाजीवर राहतात. काहींना पात्यापासून बोटांचं अंतर कळत नाही. ज्याला जे जमतं ते वापरावं, पण उघडी विळी जमिनीवर सोडून उठायचं नाही, एवढं पक्कं.

मिरचीचा विषय नंदुरबारमध्ये टाळता येत नाही. मिरची बाजाराला येते तेव्हा घरोघरी देठं खुडणं, भाजणं, कुटणं चालतं. ज्याला हात कुठे लागला ते पटकन कळत नाही, त्याने हे काम हातमोजे घालूनच करावं. मोजे नसतील तर आधी हाताला खाण्याचं तेल चोळा, काम संपल्यावर पुन्हा तेल लावून पुसा आणि मग साबणाने धुवा. तिखटपणा नुसत्या पाण्याने निघत नाही. डोळ्यात गेलं तर चोळू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा. मिरच्या भाजताना ठसका लागतो आणि ठसक्यात हात हलतो, म्हणून भाजणं शक्यतो उघड्यावर आणि दुसऱ्या कुणाच्या तरी सोबतीने करावं.

आता क्रमाबद्दल. कॅनडातल्या हेलेन पोलाटायको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांसाठी एक पद्धत विकसित केली आहे, तिचे चार टप्पे आहेत: काय करायचं ते ठरवा, कसं करायचं ते आखा, करा, आणि जमलं का ते तपासा. तपासताना काय अडलं हे त्या माणसाने स्वतः शोधायचं असतं, आणि पुढची आखणीही त्यानेच करायची. मोठ्यांनी फक्त प्रश्न विचारायचे: भाकरी कुठे दुमडली? त्या वेळी तुझा हात कुठे होता? पुढच्या वेळी काय वेगळं करशील? ही पद्धत घरात वापरायला पैसा लागत नाही. पायऱ्या मोठ्याने म्हणत काम केलं की क्रम चुकत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं काढून भिंतीवर चिकटवा. त्या घरात पावरी, मावची किंवा अहिराणी बोलली जात असेल तर सूचना त्याच बोलीत द्या. ज्या भाषेत विचार करावा लागत नाही तिच्यात सांगितलेलं हातापर्यंत लवकर पोचतं.

थकवा हा लपलेला धोका आहे. दिवसभर कापूस वेचून किंवा शाळेतून चालत आल्यावर संध्याकाळी हात जास्त चुकतात. भाजी चिरणं, पीठ चाळणं सकाळी उरका आणि रात्रीचं जेवण साधं ठेवा. सणाच्या दिवशी खापरावरचे मांडे त्याच माणसाने करावेत असा आग्रह नको. पुरण वाटणं, वाढणं, हिशेब ठेवणं अशी त्याला जमणारी कामं घरात भरपूर असतात. वीज गेली तर हातात मोबाइल धरून काम करू नका. डोक्याला बांधायचा दिवा घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. गरम काम चालू असताना मागून हाक मारू नका, गप्पा मारू नका, लहान मुलांना तिथून उठवा. घरातल्या थोरल्या बायकांना माझी खास विनंती आहे: सुनेच्या किंवा नातीच्या हातून सांडलं तर आधी ‘भाजलं का गं?’ असं विचारा. सांडलेलं नंतर पुसता येतं.

इतकं करूनही भाजलं तर लगेच बांगड्या, अंगठ्या काढा, सूज आल्यावर त्या निघत नाहीत. जळलेल्या जागेवर थंड, स्वच्छ पाणी २० मिनिटं सोडा. नळ नसेल तर माठातलं पाणी तांब्याने हळूहळू ओतत राहा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, चुना, शाई, शेण, तेल यातलं काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. जखम तळहातापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल, किंवा भाजलेलं लहान मूल असेल तर १०८ ला फोन करा. सातपुड्याच्या घाटातून नंदुरबारला पोचायला वेळ लागतो, तेव्हा फोन पाणी ओतता ओतताच करा.

या विकारावर औषध नाही, पण शिकवण्याची पद्धत आहे आणि ती शिकवणारे लोकही आहेत. त्यांना व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणतात. हे शास्त्र भारतात रुजवलं ते अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकर घराण्यात सून म्हणून आलेल्या कमला निंबकर यांनी. १९५० साली त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं. रोजची कामं, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक, माणसाला स्वतःच्या हाताने करता यावीत हेच या तज्ज्ञांचं काम आहे. तज्ज्ञ जवळ नसला तरी मुलांसाठी एक सरकारी वाट उघडी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून देशभर सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते, आणि हालचालीतला उशीर व शिकण्यातल्या अडचणी या दोन्ही तपासणीच्या यादीत आहेत. तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावं अशी रचना आहे, आणि पुढची तपासणी मोफत असते.

मात्र पथकाला एका मुलासाठी मोजकीच मिनिटं मिळतात, आणि शांत बसलेल्या मुलात ही अडचण दिसत नाही. म्हणून पथक येण्याआधी एक कागद घ्या. मूल किती महिन्यांनी चाललं, बटण कधी लावायला लागलं, चमचा कसा धरतं, कोणती कामं रोज चुकतात, कधी भाजलं किंवा कापलं, हे त्यावर लिहा. लिहिता येत नसेल तर आशाताईंकडून लिहून घ्या. तो कागद वर्गशिक्षकांकडे आजच द्या.